मुलांचें भय आणि आईबापांचा शब्द

पावसाळ्याच्या रात्रीं कौलांवर सर कोसळूं लागली म्हणजे मोठीं माणसें कूस बदलून पुन्हा झोंपीं जातात. परंतु ज्या घरांत एकदां पुराचें पाणी शिरलें आहे, त्या घरांतील लहान मूल अंथरुणावर उठून बसतें. कल्याण शहराच्या आसपास अशीं घरें थोडीं नाहींत. एका बाजूस उल्हास नदी व खाडी, आणि दुसरीकडून अंबरनाथ व उल्हासनगर ह्यांमधून वाहत येणारी वालधुनी, ह्यांच्या कांठीं ह्या भागांतील सखल वस्त्या पसरल्या आहेत. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईच्या सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्याच वेळीं कल्याण, उल्हासनगर व बदलापूर येथेंहि पुरानें हाहाकार केला. पुढें २७ जुलै २०१९ रोजीं बदलापूर व वांगणी ह्यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस ही गाडी पुरांत अडकून पडली, आणि सुमारें १,०५० उतारूंची पाण्यांतून सुटका करावी लागली. म्हणून ह्या भागांतील मूल पावसाला भितें तें वेडेपणानें भितें, असें कोणास म्हणतां येणार नाहीं.

आमच्या परिचयाच्या एका घरची गोष्ट सांगतों. वालधुनीच्या कांठीं राहणाऱ्या ह्या कुटुंबानें पुराची एक रात्र शेजाऱ्यांच्या माडीवर काढली. पाणी ओसरलें, भिंती वाळल्या, आणि मोठ्या माणसांनीं तो विषय सोडला. परंतु सहा वर्षांच्या मुलीनें तो सोडला नाहीं. आभाळ भरून आलें कीं ती आपलें दप्तर व चपला उचलून पलंगावर ठेवी आणि दाराच्या फटीकडे पाहत बसे. मामा हंसले. आजीनें दृष्ट काढली. बाप दिवसभर काम करून थकून येई, त्यानें तिला जवळ घेऊन सांगितलें, "बाळ, पुन्हा पाणी येणार नाहीं. मी सांगतों ना!" मुलीनें विश्वास ठेविला. पुढच्या पावसाळ्यांत पाणी पुन्हा उंबऱ्याच्या आंत आलें. घोटाभरच आलें, आणि दोन तासांत ओसरून गेलें. घराचें नुकसान कांहीं झालें नाहीं. परंतु मुलगी बापाला म्हणाली, "बाबा, तुम्ही तर म्हणालां होतां, येणार नाहीं." त्या दिवसापासून तिनें बापाला पावसाविषयीं एकहि प्रश्न विचारला नाहीं. ती स्वतःच जागूं लागली.

ह्या बापाचें काय चुकलें? तो कठोर नव्हता, निष्काळजीहि नव्हता. मुलीवर त्याची माया होती, आणि त्या मायेनेंच तो तसें बोलला. तथापि जें त्याच्या हातीं नव्हतें त्याचें त्यानें वचन दिलें. नदीला पूर येणें न येणें त्याच्या स्वाधीन नव्हतें. त्या वचनाबरोबर मुलीचा त्याच्या शब्दावरील विश्वासहि वाहून गेला, आणि ही हानि घोटाभर पाण्यानें होणाऱ्या हानीहून पुष्कळ मोठी होती. आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे: भ्यालेल्या मुलाला देण्यासारखी सर्वांत मोलाची वस्तु म्हणजे आईबापांचा खरा शब्द होय, आणि आपण तो शब्द दोन वाटांनीं खर्चून टाकतों. एक वाट खोटें सांगून मुलाला भीति घालण्याची, आणि दुसरी खोटें सांगून त्याची भीति घालविण्याची. पहिलीला लोक थोडाफार दोष देतात; दुसरीला माया म्हणतात. परंतु पैसा दोन्ही वेळां एकाच पेटींतून जातो.

प्रथम हें लक्षांत ठेवावें कीं, भय हा मुलाचा दोष नाहीं. आठनऊ महिन्यांचें मूल परक्या माणसाला पाहून आईला बिलगतें. दोनतीन वर्षांचें झालें म्हणजे अंधार, कुत्रें, ढगांचा गडगडाट ह्यांस भिऊं लागतें. शाळेंत जाऊं लागलें म्हणजे चोर, आजार, आईबापांचें मरण असले विचार त्याच्या मनांत येतात. हीं भयें त्याची समज वाढत असल्याचीं चिन्हें आहेत. ज्याला आपलें व परकें कळत नव्हतें त्याला तें कळूं लागलें. ज्याला उद्यांची कल्पना नव्हती त्याला ती येऊं लागली. कल्पना आधीं येते आणि तिला आवर घालणारा अनुभव मागाहून येतो. मधल्या काळांत मुलाला दुसऱ्याच्या अनुभवाचा आधार लागतो, आणि तो आधार त्याच्या आईबापांनींच द्यावयाचा असतो.

आतां पहिली वाट पाहूं. जेवत नाहीं, बागुलबुवा येईल. झोंपत नाहीं, झोळीवाला बुवा धरून नेईल. रडणें थांबवीत नाहीं, पोलिसाला बोलावतें. हट्ट करतोस, डॉक्टर मोठी सुई टोंचील. हीं वाक्यें कधींच उच्चारलीं गेलीं नाहींत असें घर शोधून सांपडणें कठीण. त्यांचा गुण ताबडतोब येतो, म्हणूनच त्यांचा मोह होतो. परंतु मुलाच्या बाजूनें क्षणभर विचार करावा. संध्याकाळीं ज्या आईनें बागुलबुवाला हांक मारली, त्याच आईला रात्रीं त्या बागुलबुवापासून राखण्यासाठीं हांक मारावयाची, असा पेंच त्या बिचाऱ्यापुढें उभा राहतो. पुढें तो मोठा होतो आणि बागुलबुवा नाहींच असें त्याला कळतें; त्याच दिवशीं आई खोटें बोलत होती हेंहि त्याला कळतें.

ह्याहून प्रत्यक्ष असा एक धोका आहे. १८५४ सालीं ठाण्यापासून कल्याणपर्यंत आगगाडी आली. आज कल्याणाहून एक लोहमार्ग कसाऱ्याकडे व दुसरा कर्जतकडे जातो, आणि सकाळसंध्याकाळ तेथील फलाटांवर पाय ठेवण्यास जागा नसते. अशा गर्दींत आईचा हात सुटलेल्या मुलानें कोणाकडे जावें? अर्थात् खाकी पोषाखांतल्या शिपायाकडे. परंतु पोलीस धरून नेतो हेंच ज्याला जन्मापासून ऐकविलें, तें मूल शिपाई दिसतांच बांकामागें लपेल, आणि गोड बोलून खाऊ पुढें करणाऱ्या अनोळखी माणसाचें बोट धरील. मुलांच्या मदतीसाठीं १०९८ हा दूरध्वनि १९९६ सालीं मुंबईंत सुरू झाला आणि पुढें देशभर पसरला. तो क्रमांक प्रत्येक मुलाकडून पाठ करून घ्यावा. परंतु पलीकडून बोलणारें माणूस आपल्याला धरून नेणार नाहीं, असा विश्वास असेल तरच तें मूल त्या क्रमांकावर बोलेल. ज्यांच्याकडे संकटांत धांव घ्यावयाची, त्यांचेंच भय आपण मुलांस शिकवीत असतों.

दुसरी वाट अधिक फसवी आहे, कारण तिच्यावर मायेची सावली असते. "सुई मुळींच दुखत नाहीं," असें आपण सांगतों, आणि सुई दुखते. बालवाडीच्या दारांत "मी येथेंच उभी आहें" असें म्हणून आई मुलाची नजर चुकवून निघून जाते; मूल मागें वळून पाहतें, तों दार रिकामें. घरांत मृत्यु घडला कीं "आजोबा गांवाला गेले" असें सांगितलें जातें. त्यानंतर बाप खरोखरच गांवाला जावयास निघाला म्हणजे तें मूल त्याच्या पायांना मिठी मारून आकांत करतें, आणि हें एवढें काय झालें म्हणून सर्वांस आश्चर्य वाटतें. मुलाची आठवण आपण समजतों तशी आंखूड नसते. आपण कोणत्या प्रसंगीं काय म्हणालों, हें तें जपून ठेवतें, आणि पुढच्या प्रसंगीं आपल्या बोलण्याची किंमत त्यावरून ठरवितें.

मग काय सर्व खरें मुलाच्या कानांवर घालावें? तसें आमचें म्हणणें नाहीं. खरें बोलणें म्हणजे सगळेंच बोलणें नव्हे. मुलाच्या वयाला पेलेल तेवढेंच सांगावें, पण जें सांगावें तें खरें असावें. "सुई टोंचतांना दुखेल. तूं दहापर्यंत अंक मोज, तोंवर तें कमी होऊं लागेल. मी तुझा हात धरून बसतें, रडूं आलें तर रड," असें म्हणणारी आई मुलाचें दुःख नाकारीत नाहीं, आणि त्याला त्यांत एकटेंहि टाकीत नाहीं. "मी आतां जातें, सुट्टीची घंटा झाली कीं घ्यावयास येतें," असें सांगून जी निघते, तिचें मूल पहिले चार दिवस रडेल. परंतु ती घंटेच्या आधीं दोन मिनिटें दारांत उभी राहत असेल, तर पांचव्या दिवशीं तिचा शब्दच त्याची समजूत घालूं लागेल. वचन लहान द्यावें, आपल्या हातांतलें द्यावें, आणि तें अक्षरशः पाळावें.

ह्यावर कोणी म्हणेल, एवढी नाजूक वागणूक कशाला? मागल्या पिढ्यांतील मुलांना मारून मुटकून धीट केलें, आणि तीं धीट झालींच. ह्या आक्षेपाला साने गुरुजींच्या 'श्यामची आई' ह्या १९३५ सालीं प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाचा आधार पुष्कळदां दिला जातो. पोहावयास भिऊन लपून बसलेल्या श्यामला आई मारीत बाहेर काढते व विहिरीवर पाठविते, ही गोष्ट सर्वांच्या स्मरणांत असते. परंतु पुढचा भाग थोड्यांच्या स्मरणांत राहतो: मुलगा परत आल्यावर त्याचे वळ पाहून ती माउली रडते आणि त्याला पोटाशीं धरते. श्यामला ज्यानें तारलें तें छडीनें नव्हे, ह्या आईच्या मनांत आपल्याविषयीं काय आहे ह्याबद्दल त्याला कधींच संशय नव्हता, त्या खात्रीनें तारलें असें आम्हांस वाटतें. छडीचें अनुकरण सोपें आहे. ती खात्री निर्माण करणें सोपें नाहीं.

आणि ज्या घरीं छडी असते पण ती खात्री नसते, तेथें काय होतें ह्याचेंहि उदाहरण ह्याच गांवाशीं निगडित आहे. डॉ. आनंदीबाई जोशी ह्यांचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजीं कल्याण येथें झाला. माहेरचें नांव यमुना. वयाच्या अठराव्या वर्षीं, १८८३ सालीं, त्या एकट्या समुद्रापार गेल्या आणि १८८६ सालीं फिलाडेल्फिया येथें डॉक्टर झाल्या. एवढें धैर्य पाहून, बालपणींच्या कडक शिस्तीचें हें फळ, असें कोणी म्हणूं शकेल. परंतु आईनें आपल्याशीं कधीं प्रेमानें बोलूं नये आणि हातीं लागेल त्यानें मारावें, ह्याचें दुःख त्यांनीं मोठेपणीं बोलून दाखविलें, असें त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. हजारों कोसांवर गेल्यावर, विद्येंत यश मिळाल्यावरहि, तें दुःख पुसलें गेलें नाहीं. त्यांचें धैर्य त्या मारामुळें आलें नाहीं, मार असूनहि आलें. आणि त्याच काळीं तसाच मार खाऊन ज्या मुली मुकाट राहिल्या, त्यांचीं चरित्रें कोणी लिहिलीं नाहींत.

तर मग भय घालवावें कसें? ह्या प्रश्नाचा शास्त्रीय रीतीनेंहि विचार झाला आहे. १९२० सालीं अमेरिकेंत वॉटसन ह्या मानसशास्त्रज्ञानें अकरा महिन्यांच्या मुलाला पांढरा उंदीर दाखवितांना पाठीमागें लोखंडी कांबीवर हातोडा आपटून त्या मुलाला उंदराचें भय शिकविलें, आणि तें काढून न टाकतांच प्रयोग संपविला. भय शिकवितां येतें, हें त्यानें सिद्ध झालें; परंतु असल्या प्रयोगाला आज कोणी संमति देणार नाहीं. पुढें १९२४ सालीं मेरी कव्हर जोन्स ह्या बाईंनीं उलट बाजूनें काम केलें. भिणाऱ्या मुलांवर त्यांनीं निरनिराळे उपाय करून पाहिले. नुसतें समजावून सांगणें फारसें लागू पडलें नाहीं; भीतीची वस्तु नजरेआड ठेवून वाट पाहणेंहि लागू पडलें नाहीं; इतर मुलांनीं थट्टा केल्यानें तर कांहींच साधलें नाहीं. दोन उपाय मात्र गुणकारी ठरले. एक, मूल आनंदानें खात असतां ती वस्तु दुरून, थोडीथोडी जवळ आणणें. दुसरा, न भिणाऱ्या मुलांच्या संगतींत त्याला ठेवणें. सशाला भिणारा पीटर नांवाचा तीनएक वर्षांचा मुलगा अशा रीतीनें शेवटीं सशाला आपलीं बोटें कुरतडूं देऊं लागला. मध्यंतरीं तो दोन महिने आजारी पडला, एक मोठा कुत्रा त्याच्या अंगावर धांवून आला, आणि त्याचें भय परत आलें. तेव्हां बाईंनीं पुन्हा पहिल्या पायरीपासून आरंभ केला. हा शेवटचा भाग आईबापांनीं विशेष ध्यानांत ठेवावा. भय एकदां गेलें म्हणजे कायमचें गेलें असें नाहीं, आणि तें परत आलें म्हणजे मुलानें आपल्याला फसविलें असेंहि नाहीं.

हें काम करण्यास विद्वत्ता लागत नाहीं. अंधाऱ्या खोलीला भिणाऱ्या मुलाला आंत ढकलूं नये, आणि त्याच्यासाठीं ती खोली कायमची टाळूंहि नये. पहिल्या दिवशीं दोघांनीं हात धरून उंबऱ्यावर उभें राहावें. दुसऱ्या दिवशीं दोन पावलें आंत जावें. मग आई उंबऱ्यावर आणि मूल आंत. मग आई स्वयंपाकघरांतून बोलत आहे आणि मूल खोलींतून उत्तर देत आहे. किती दिवस लागतील हें मुलानें ठरवावें, पुढें जावयाचें हें आईनें ठरवावें. ताराबाई मोडक ह्यांनीं १९४५ सालापासून, त्या वेळीं ठाणें जिल्ह्यांत असलेल्या बोर्डी येथें जें बालशिक्षणाचें काम केलें, त्यांतहि हेंच दिसतें. मुलें बालवाडीपर्यंत येत ना, तेव्हां त्यांनीं बालवाडीच वस्तींतल्या अंगणांत नेली. अंगणवाडी हें नांव त्यांतूनच पुढें आलें. जें मूल आपल्यापर्यंत येऊं शकत नाहीं, त्याच्यापर्यंत आपण जावें, आणि तेथून त्याच्या चालीनें परत यावें.

आईबापांना स्वतःला भय वाटत असेल तर? पुष्कळदां तें वाटतेंच. दुसऱ्या महायुद्धांत लंडनवर बाँब पडत असतां आना फ्रॉइड व डॉरोथी बर्लिंगहॅम ह्या दोघी बाया तेथें लहान मुलांचीं निवासगृहें चालवीत होत्या. त्यांस असें आढळलें कीं, आई जवळ असून ती स्थिर असेल तर लहान मूल बाँबच्या आवाजानें फारसें खचत नाहीं. आईपासून झालेली ताटातूट त्याला अधिक जाचते, आणि आईचा भयभीत चेहरा त्याला लगेच लागण करतो. परंतु स्थिर राहणें म्हणजे न भिण्याचें सोंग आणणें नव्हे. मूल आपला कांपणारा हात ओळखतें. अशा वेळीं, "मलाहि भीति वाटते आहे, पण काय करावयाचें तें मला माहीत आहे, चल, दोघें मिळून करूं," एवढें म्हणावें. धैर्य म्हणजे भयाचा अभाव, असा त्या मुलाचा गैरसमज होणार नाहीं. भीति वाटत असतांहि हातून काम होऊं शकतें, हें तें डोळ्यांनीं पाहील.

आणखी एक गोष्ट सांगणें आम्ही कर्तव्य समजतों. मुलाच्या भयाला हंसणें वाईट, ह्याचें सर्वांत गंभीर कारण असें कीं, कांहीं भयांमागें खरा अपराध दडलेला असतो. मूल अकस्मात् एखाद्या घरीं जावयास, एखाद्या ओळखीच्या माणसाजवळ बसावयास भिऊं लागलें, तर त्याला दटावूं नये. जवळ घेऊन त्याचें म्हणणें पुरतें ऐकावें आणि खरें मानून चौकशी करावी. अशा अपराधांपासून बालकांच्या संरक्षणासाठीं २०१२ सालीं स्वतंत्र कायदा झाला आहे. परंतु मूल घरांत बोललेंच नाहीं तर कायद्याला तें कळणार कसें? ज्याचें बागुलबुवाचें भय आपण हंसून उडविलें, तें हेंहि भय आपल्याला सांगणार नाहीं. तसेंच एखाद्या अपघातानंतर वा पुरानंतर मुलाची झोंप, जेवण, शाळा आठवडेच्या आठवडे बिघडलेली राहिली, तर भगताकडे वा अंगाऱ्याधुपाऱ्याकडे न वळतां त्याला डॉक्टरांकडे न्यावें. ह्यांत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं.

वालधुनीकांठच्या त्या मुलीकडे परत येऊं. ती रात्रभर कां जागत होती, हें तिच्या आईच्या ध्यानांत हळूहळू आलें. पाणी येणार नाहीं असें सर्वजण म्हणत होते, म्हणजे पाण्यावर लक्ष ठेवणारें घरांत दुसरें कोणी नव्हतें. तेव्हां तो पहारा त्या लहानगीनें स्वतःकडे घेतला होता. एके दिवशीं ऊन पडलें असतां आई तिला घेऊन दारासमोर उभी राहिली. बाहेरच्या तीन पायऱ्यांपैकीं मधल्या पायरीवर तिनें खडूनें रेघ ओढली आणि म्हणाली, "पाणी पुन्हा येईल कीं नाहीं, मला ठाऊक नाहीं. पण ह्या रेघेपर्यंत आलें तर मी तुला उठवीन आणि आपण सगळीं वर काकूंच्या माडीवर जाऊं. दप्तर ह्या खुंटीला, बॅटरी तुझ्या हातीं. पायरीवर लक्ष मी आणि बाबा ठेवूं. तूं झोंपावयाचें." त्या पावसाळ्यांत आई व बाप आळीपाळीनें उठले. एकदां रेघेजवळ पाणी आलें, तेव्हां आईनें सांगितल्याप्रमाणें मुलीला उठविलें, आणि सर्वजण वर गेलीं.

मुलीचें भय अजून पुरतें गेलेलें नाहीं. जोराची सर आली कीं ती जागी होते आणि अंधारांतून विचारते, "आई, पायरी दिसते का?" आई उठून पाहते आणि म्हणते, "दिसते ग." मग ती कुशीवर वळून झोंपीं जाते. गेल्या पावसाळ्यांत हाच प्रश्न तिनें एका रात्रीं बापाला विचारला, असें तिच्या आईनें आम्हांस सांगितलें. आणि बाप उठून, दार उघडून, पायरी पाहून मगच उत्तर देता झाला.